पंचाहत्तर हजारांचा प्रश्न

२०२५ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. रविवारी सकाळी माझी थोरली बहीण आमच्याकडे आली, ती हातात एक रंगीबेरंगी माहितीपत्रक घेऊनच. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावीना. शेवटी म्हणाली, ‘‘अरे, हे जरा वाच आणि मला सांग. पंचाहत्तर हजार भरू का?’’

भाचा बी. कॉम. झालेला. दोन वर्षे स्पर्धापरीक्षांत गेलेली. मेहुणे जाऊन चार वर्षे झालेली. तेव्हा हे पंचाहत्तर हजार म्हणजे त्यांच्यामागे राहिलेली एक मुदतठेव, हे मला न सांगताच कळले. पत्रकात ‘आयटी सपोर्ट’चा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम होता, टाय लावलेली हसरी मुले होती आणि नोकरीची शंभर टक्के हमी होती.

आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक. माझे संगणकज्ञान परीक्षेचे गुण भरण्यापलीकडे जात नाही. पण वीस वर्षे पाठ्यपुस्तके चाळून एक सवय जडली आहे. पुस्तक हाती आले की मुखपृष्ठ सोडून आधी अनुक्रमणिका पाहायची, मग आवृत्तीचे साल आणि मग स्वाध्याय. त्या पत्रकात या तिहींपैकी काहीही नव्हते. मी म्हटले, ‘‘ताई, आठ दिवस थांब. ठेव कुठे पळून जात नाही.’’

त्या आठ दिवसांत मामा-भाच्यांनी मिळून जी चौकशी केली, ती अशी.

आयटी सपोर्ट म्हणजे प्रोग्राम लिहिणे नव्हे. कचेरीतला संगणक सुरू होत नाही, पासवर्ड आठवत नाही, प्रिंटर कागद गिळून बसला आहे, अशा तक्रारींची नोंद घ्यायची (या नोंदीला ‘तिकीट’ म्हणतात) आणि एकेक निकालात काढायची, हे ते काम. आपल्याकडची एमएस-सीआयटी संगणक वापरायला शिकवते, दुसऱ्याचा बिघडलेला संगणक दुरुस्त करायला नव्हे. त्यासाठी जगभर ओळखली जाणारी पहिली पायरी म्हणजे अमेरिकेतील ‘कॉम्पटिया’ या संस्थेची ‘ए प्लस’ ही परीक्षा. तिचे पेपर दोन. प्रत्येकी जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि ९० मिनिटे. ९०० पैकी पहिल्यात ६७५ आणि दुसऱ्यात ७०० गुण मिळाले की उत्तीर्ण. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची. दोन्ही पेपरांची फी वेगवेगळी, आणि घरखर्चात चांगली जाणवेल एवढी.

दुसरी वाट ‘गूगल’च्या आयटी सपोर्ट प्रमाणपत्राची. हा अभ्यासक्रम २०१८ सालापासून ‘कोर्सेरा’वर आहे. वर्गणी महिन्याची, म्हणजे जितके रेंगाळाल तितके महाग. अगदी नवख्याला हात धरून नेण्यात तो चांगला. शिवाय ‘सिस्को’च्या नेटवर्किंग अकादमीचे प्राथमिक पाठ फुकट आहेत, आणि ‘प्रोफेसर मेसर’ नावाने प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन शिक्षकाची ए प्लसची सर्व व्याख्याने यूट्यूबवर विनामूल्य आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सापडली ती ही, की ए प्लसचा संपूर्ण अभ्यासक्रम, मुद्द्यामुद्द्यांसह, कॉम्पटिया स्वतःच फुकट देते. म्हणजे ज्या अनुक्रमणिकेसाठी मी पत्रक उलटेपालटे केले, ती परीक्षा घेणाऱ्यापाशीच होती! ताईने ठेव मोडली नाही.

इथे वाचकांना वाटेल, मामा जिंकले. पण माझीच फजिती पुढे आहे. स्वस्तात मिळते म्हणून मी भाच्याला एक ध्वनिचित्रित अभ्यासक्रम आठशे रुपयांत घेऊन दिला. तो बिचारा तीन महिने पहाटे उठून वह्या भरत होता. जुलैत एक दिवस खिन्न चेहऱ्याने आला. ‘‘मामा, हे सगळं जुन्या परीक्षेचं आहे. ती सप्टेंबरात बंद होतेय.’’ खरेच होते. मार्च २०२५ मध्ये परीक्षेची नवी आवृत्ती आली होती, २२०-१२०१ आणि २२०-१२०२. माझ्या आठशे रुपयांच्या मालावर ११०१ आणि ११०२ हे आकडे ठळक छापलेले होते. विद्यार्थ्यांना जन्मभर ‘आवृत्तीचे साल पाहा’ म्हणून बजावणाऱ्याने स्वतः ते पाहिले नव्हते. सुदैवाने बराचसा भाग दोन्ही आवृत्त्यांत सारखाच होता. त्याने नवी अनुक्रमणिका छापून भिंतीवर लावली आणि जे येते त्यावर खूण करीत पुढे गेला.

पण खरा अभ्यास सुरू झाला तो पाहणे थांबवून करू लागल्यावर. ‘व्हर्च्युअलबॉक्स’ नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्याने एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक मांडता येतो. तो मुद्दाम बिघडवायचा आणि पुन्हा उभा करायचा, हा त्याचा स्वाध्याय झाला. मग शेजारीपाजारी. वरच्या मजल्यावरच्या काकांचे इंटरनेट बंद पडले, तेव्हा मीही सोबत गेलो. काका भडकलेले. भाच्याने संगणकाला हात न लावता आधी विचारले, ‘‘काका, काल रात्री चालू होतं ना? मग मध्ये काय काय झालं?’’ रात्री वीज गेली होती. त्याने संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता पाहिला. तो १६९.२५४ ने सुरू होत होता. ‘‘राउटर पत्ता देत नसला की विंडोज स्वतःच असा एक पत्ता घेते. म्हणजे दोष संगणकात नाही,’’ तो म्हणाला. राउटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि काका शांत झाले.

मला त्यात दुसरेच काही दिसले. ए प्लसच्या दुसऱ्या पेपरात तक्रारदाराशी कसे बोलावे, केलेल्या कामाची नोंद कशी लिहावी, हाही भाग आहे. म्हणजे चिडलेल्या माणसाचे ऐकून घेणे आणि चार ओळी नेमक्या लिहिणे, याला तिथे गुण आहेत. मराठीच्या प्राध्यापकाला याहून मोठा दिलासा कोणता?

पहिला पेपर तो सुटला. दुसऱ्यात ७०० हवे असताना ६८४ पडले. त्या रात्री ताईचा फोन आला. ‘‘क्लास लावला असता तर?’’ मला उत्तर सुचले नाही. पुन्हा फी भरली, आणि सहा आठवड्यांनी तो उत्तीर्ण झाला. सध्या पुण्यातल्या एका कंपनीत रात्रपाळीला तक्रारी घेतो. पगार बेताचाच आहे. पण पहिल्या पगारातून त्याने आईच्या नावे एक छोटी ठेव केली.

क्लास वाईटच असतात असे मी म्हणणार नाही. ज्याला घड्याळ लावून एकट्याने बसता येत नाही, त्याला वर्गाची शिस्त लागतेच, आणि त्या शिस्तीचे पैसे मोजण्यात गैर काही नाही. मात्र तुमच्या घरी असे माहितीपत्रक आले तर क्रम उलटा करू नका. आधी परीक्षा निवडा, मग तिच्या अनुक्रमणिकेशी ताडून शिकवणी निवडा. आवृत्ती कोणती ते पाहा. हाताने करायला काय देतात ते विचारा. नोकरीची हमी दिली असेल तर ती कागदावर लिहून मागा. उत्तर द्यायला जो अडखळेल, त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

आणि आवृत्तीचा आकडा पाहायला मामाला सांगू नका, स्वतः पाहा.