पापुद्रा न उचलता

पोलीस, लष्कर, रेल्वे अशा भरतीची तयारी करणारी पोरं परभणीत, गंगाखेडला, जिंतूरला पहाटेच मैदानावर धावताना दिसतात. सोळाशे मीटरची वेळ, छाती, उंची सगळं तोंडपाठ असतं. डोळ्यांची आठवण मात्र वैद्यकीय तपासणी तोंडावर आली की होते. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत नाही, नंबर उणे दोन निघतो, आणि कुणीतरी सांगतं, 'लेझर मारून घे, दहा मिनिटांचं काम आहे.'

इथंच थोडं थांबायला हवं. पूर्णा जंक्शनच्या आसपास वाढलेल्या मुलाला इंजिन चालवायचं स्वप्न पडलं तर नवल नाही. पण रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीत दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्याशिवाय ६/६ लागते आणि नंबर घालवण्यासाठी लॅसिक किंवा तत्सम शस्त्रक्रिया झालेला उमेदवार थेट अपात्र ठरतो. म्हणजे ज्या नोकरीसाठी लेझर केलं, त्याच नोकरीचं दार लेझरमुळे बंद. लष्करात अधिकारी होऊ पाहणाऱ्यांसाठी नियम वेगळा आहे. तिथं शस्त्रक्रिया चालते, पण ती करताना वय २० च्या वर असावं लागतं, नंतर किमान १२ महिने उलटलेले असावे लागतात, पारपटलाची जाडी ४५० मायक्रॉनच्या खाली गेलेली चालत नाही, डोळ्याची लांबी २६ मिलीमीटरच्या आत लागते आणि उरलेला नंबर एकच्या आत. प्रत्येक दलाचं, प्रत्येक पदाचं गणित निराळं. जाहिरात आधी वाचायची, दवाखान्याची पायरी नंतर चढायची.

आता मूळ विषयाकडे. चष्म्याचा नंबर घालवणारं लेझर म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात लॅसिकच असतं. त्याच्याही आधीची एक पद्धत आहे, ती आजही टिकून आहे आणि काही डोळ्यांसाठी तीच जास्त योग्य आहे, हे फारसं कुणाच्या कानावर जात नाही. डॉक्टर तिला पीआरके म्हणतात. पारपटलाच्या अगदी पृष्ठभागावर केलेलं लेझर.

पारपटल म्हणजे कॉर्निया, डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग. डोळ्याची एकूण भिंगशक्ती साधारण ६० डायॉप्टर, त्यातली ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाची. म्हणून त्याचा बाक किंचित बदलला तरी नजर बदलते. त्याची मध्यभागी जाडी अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर, साधारण ५२० ते ५५० मायक्रॉन. त्यात सर्वांत वर सुमारे ५० मायक्रॉनचं त्वचेसारखं आवरण असतं, जे खरवडलं तरी काही दिवसांत पुन्हा येतं. खाली असतो तंतूंचा जाड थर. लेझरनं आकार द्यायचा तो या थराला, कारण तो पुन्हा वाढत नाही. दोन्ही पद्धतींत लेझर तेच. फरक एवढाच, की त्या थरापर्यंत पोचायचं कसं?

लॅसिकमध्ये भाकरीचा पापुद्रा उचलावा तसा वरचा १०० ते १२० मायक्रॉनचा पदर एका बाजूनं जोडलेला ठेवून उचलतात, खाली लेझर मारतात आणि पदर पुन्हा जागच्या जागी बसवतात. जखम झाकलेली राहते, दुखणं कमी, दुसऱ्या दिवशी मोबाईलवरचे मेसेज वाचता येतात. पीआरकेमध्ये पदर कापतच नाहीत. वरचं आवरण काढून टाकतात आणि उघड्या पृष्ठभागावर लेझर चालवतात. आवरण मग शरीरानं स्वतः पुन्हा उगवायचं. त्याला तीन ते पाच दिवस लागतात आणि ते दिवस सुखाचे नसतात.

मग कुणी हा त्रास का घ्यावा? पदर परत बसला तरी त्याच्या कडेला तंतू पूर्वीसारखे जुळत नाहीत, त्यामुळे डोळ्याच्या आतला दाब पेलायचं काम त्याच्या हातून होत नाही. ते खालच्या थरालाच करावं लागतं. सहा मिलीमीटर रुंदीच्या भागात एक नंबर कमी करायला साधारण १२ मायक्रॉन खरवडावे लागतात. समजा पारपटल ४९० मायक्रॉनचं आहे आणि नंबर उणे सहा. लेझरमध्ये ७० ते ८० मायक्रॉन जाणार. लॅसिकच्या पदराचे ११० वजा केले की खाली उरतात जेमतेम ३०० मायक्रॉन. २५० च्या खाली जायचं नाही हा जुना दंडक, आणि सावध डॉक्टर ३०० च्याही वरच थांबतात. पीआरकेमध्ये पदराचे ते ११० वाचतात. पातळ पारपटलवाल्यांना म्हणूनच पृष्ठभागावरचं लेझर सुचवलं जातं.

दुसरं कारण मैदानावरचं. लॅसिकचा पदर काही वर्षांनीही जोराच्या आघातानं सरकल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. कबड्डीत कोपर लागतो, कुस्तीत डोकं आपटतं. जिथं पदरच नाही तिथं तो सरकायचा प्रश्न नाही. अमेरिकन नौदलानंही १९९० च्या दशकात आपल्या जवानांसाठी पीआरकेचा अभ्यास केला.

या लेझरची जन्मकथा मोठी गमतीची, आणि तिच्यात आपला एक माणूस आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात एक्सायमर लेझरवर काम करत होते. हे १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण प्लास्टिकवर नाजूक नक्षी कोरत. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीतलं उरलेलं टर्कीचं मांस ते प्रयोगशाळेत घेऊन आले आणि त्यातल्या कूर्चेवर त्यांनी हे लेझर चालवलं. काप इतका स्वच्छ, की कडेला जळल्याची खूणही नव्हती. कारण हे किरण ऊतीला भाजत नाहीत. त्यांच्या प्रत्येक कणात एवढी ऊर्जा असते, की रेणूंचे बंधच तुटतात आणि तेवढाच थर उडून जातो. शेजारचा भाग तापायच्या आत काम झालेलं असतं. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. पुढे कोलंबिया विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्यासोबत हे तंत्र पारपटलाकडे वळवलं. माणसाच्या डोळ्यांवरचे सुरुवातीचे प्रयोग बर्लिनमध्ये थिओ झायलर यांनी केले. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत मार्गरीट मॅकडोनाल्ड यांनी दिसणाऱ्या डोळ्यावर पीआरके केलं आणि १९९५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली. लॅसिक त्यानंतर लोकप्रिय झालं आणि थोरल्या भावाला लोक विसरले.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्रत्यक्षात काय होतं? बधिर करणारे थेंब टाकतात, पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा बसवतात. इंजेक्शन नाही, भूल नाही. पारपटलावर छोटी धातूची वाटी टेकवून त्यात पातळ अल्कोहोल वीस-तीस सेकंद ठेवतात, मग सैल झालेलं आवरण हलक्या हातानं बाजूला सारतात. काही यंत्रांत हे कामही लेझरच करतं. पेशंटला डोक्यावर लुकलुकणारा ठिपका दिसतो, त्याच्याकडे बघत राहायचं. मग टकटकटक असा आवाज आणि केस जळाल्यासारखा वास. या वासानं पुष्कळजण घाबरतात, पण काही भाजत नसतं. प्रत्येक टकटकीला मायक्रॉनचा साधारण पाव हिस्सा निघतो. डोळा हलला तर यंत्र त्याच्या मागे जातं, फार हलला तर थांबतं. नंबरानुसार हे सगळं मिनिटाच्या आत-बाहेर आटोपतं. शेवटी गार द्रावणानं धुऊन वर पट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात.

खरी परीक्षा त्या रात्रीपासून. बधिरपणा उतरला की डोळ्यांत मिरचीची पूड गेल्यासारखी आग होते, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. दोन-तीन दिवस खोली अंधारी करून पडून राहावं लागतं. चार-पाच दिवसांनी लेन्स काढायला पुन्हा डॉक्टरकडे. नजर हळूहळू उजळते, पुरती स्थिरावायला कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. वर्षभरानंतर मात्र लॅसिकवाला आणि पीआरकेवाला यांच्या नजरेत फारसा फरक राहत नाही. माझ्या मते पीआरके मागे पडलं ते गुणांमुळे नाही, त्याची जाहिरात करता येत नाही म्हणून. 'तीन दिवस रडा' असं होर्डिंग कोण लावणार?

परभणीकरांनी आणखी एका गोष्टीचा विचार करायला हवा, तो उन्हाचा. उघड्या पृष्ठभागाच्या जखमेत बरं होताना कधी कधी पुसट धूसरपणा येतो, मोठ्या नंबराला जास्त. तो टाळायला मायटोमायसिन नावाचं, मूळचं कर्करोगावरचं औषध शस्त्रक्रियेच्या वेळी काही सेकंद लावतात. कडक उन्हातले अतिनील किरण ही धूसरता वाढवू शकतात. परीक्षा संपल्या, सुट्टी आहे म्हणून मे महिन्यात लेझर उरकायची पद्धत आहे, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४४ च्या पुढे जातो, ऊन डोळ्यांत घुसतं. जमत असेल तर पावसाळा ओसरल्यावर किंवा हिवाळ्यात करावं. नाहीच जमलं तर पुढचे काही महिने चांगला गॉगल आणि टोपी, त्यात लाजायचं कारण नाही. सोयाबीनच्या मळणीजवळ, जिनिंगच्या धुरळ्यात पहिले काही आठवडे अजिबात जाऊ नये. आवरण भरलेलं नसताना काडीकचरा लागून बुरशीचा जंतुसंसर्ग झाला तर नंबर बाजूला राहतो आणि डोळा वाचवायची वेळ येते. स्टेरॉइडचे थेंबही डॉक्टर सांगतील तेवढेच. मनानं चालू ठेवले तर डोळ्याचा दाब वाढतो.

उष्ण, कोरड्या, धुळीच्या हवेत आणखी एक दुखणं फार दिसतं. उन्हाळा लागला की पोरांचे डोळे खाजतात, लाल होतात आणि ती मुठीनं चोळत बसतात. वर्षानुवर्षं चोळल्यानं काहींचं पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, त्याला केरॅटोकोनस म्हणतात. अशा डोळ्यावर लॅसिक धोक्याचंच, आणि नेहमीसारखं पृष्ठभागावरचं लेझरही वर्ज्य. चष्म्याचा तिरपा नंबर दर सहा महिन्यांनी वाढत असेल तर आधी संशय याचा घ्यावा. म्हणून पारपटलाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी न करता कुणी लेझरची तारीख देत असेल, तर तिथून उठून यावं. तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर नकाशाच चुकीचा येतो. वय १८ च्या वर हवं, वर्षभर नंबर न हललेला हवा, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नको. आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागणारच, त्याला लेझरनं सूट मिळत नाही.

मराठवाड्यात डोळ्यांचं ऑपरेशन म्हटलं की आजही आठवतं ते मोतीबिंदूचं. जालन्याचं गणपती नेत्रालय, उदगीरचं लायन्स नेत्र रुग्णालय ही नावं घराघरांत ठाऊक आहेत. लेझरचं यंत्र महागडं असल्यानं त्यासाठी बहुधा मोठं शहर गाठावं लागतं. तेव्हा पालम, सोनपेठच्या माणसानं शस्त्रक्रियेच्या खर्चात पहिल्या आठवड्याचा मुक्काम आणि सोबतीला एक माणूस धरावा. डोळे मिटून तपोवन एक्स्प्रेसच्या गर्दीत उभं राहायची ती वेळ नव्हे.

एक गोष्ट डॉक्टर सांगतात आणि पेशंट विसरतो. लेझरनंतर पारपटलाचा बाक बदलतो, त्यामुळे तीस-चाळीस वर्षांनी मोतीबिंदू झाल्यावर आत बसवायच्या भिंगाचा नंबर नेहमीच्या सूत्रानं चुकतो. पातळ झालेल्या पारपटलावर डोळ्याचा दाबही खऱ्यापेक्षा कमी भरतो, आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, बाकाचं माप, जाडी आणि टोपोग्राफीचा कागद मागून घ्यावा, त्याचा फोटो काढावा आणि मूळ प्रत सात-बारा ठेवतात त्याच पिशवीत ठेवून द्यावी.