रिपोर्ट नॉर्मल आला तरी कागद जपून ठेवा

सकाळी साडेसात ते दहा ही माझ्या लॅबची गर्दीची वेळ. उमरीच्या आसपासच्या खेड्यांतली माणसं रक्त देतात, बाजारहाट उरकतात आणि दुपारी रिपोर्ट घेऊन गावाकडं निघतात. डीएमएलटी करून मी सोळा वर्षं हेच काम करते आहे. अलीकडं एक वाक्य सारखं कानावर येतं : "ताई, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली म्हणे. आतून सूज हाय का, तेवढं रक्तातून बघून सांगा."

या प्रश्नाचं एका आकड्यात देता येईल असं उत्तर माझ्या लॅबमध्ये नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या लॅबमध्येही नाही. पण उत्तराच्या जवळ नेणारे आकडे आपल्या घरात, कपाटातल्या पिशवीत पडून असतात आणि त्यांच्याकडं कुणी बघत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आधी 'सूज' या शब्दाचं बघू. पाय मुरगळला की सूज दिसते, दाबली की दुखते. लिव्हरचं तसं नाही. लिव्हरच्या पेशींपैकी पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब साठले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. पुष्कळांचं प्रकरण जन्मभर तिथंच थांबतं. काहींच्या मात्र चरबीनं फुगलेल्या पेशी मरू लागतात, त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि आत दाह सुरू होतो. हा दाह दुखत नाही, दिसत नाही. वर्षानुवर्षं चालला की लिव्हर स्वतःला सांधताना आत वण तयार करतं. वण वाढत गेले की लिव्हर कडक होतं आणि शेवटी सिरॉसिस. 1980 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी दारू न पिणाऱ्या रुग्णांच्या लिव्हरचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते दारू पिणाऱ्यांच्या लिव्हरसारखेच दिसत होते. तेव्हापासून या आजाराला वेगळं नाव मिळालं. 2023 साली ते नावही बदललं, आणि नव्या नावात चयापचयाच्या बिघाडाला, म्हणजे साखर, पोटाचा घेर, बीपी यांना जागा मिळाली.

आता एसजीपीटी. हे एन्झाइम लिव्हरच्या पेशीच्या आत असतं. पेशीला इजा झाली की ते रक्तात झिरपतं. मी सेंट्रिफ्यूजमधून काढलेलं पिवळसर सीरम औषधात मिसळते आणि 37 अंशांवर मशीनमध्ये ठेवते. त्यातून प्रकाशाचा किरण जातो आणि दर मिनिटाला पडद्यावरचा आकडा थोडा थोडा उतरतो. उतार जितका जोरात, तितकं एन्झाइम जास्त. म्हणजे मी मोजते ती पेशींची गळती. दाह असून गळती कमी असू शकते, आणि दुसऱ्याच एखाद्या कारणानं गळती जास्त असू शकते.

एसजीओटीचं तर आणखी जपून. हे एन्झाइम स्नायूंत, हृदयात, लाल पेशींतही असतं. आदल्या दिवशी हळदीची पोती उचललेल्या माणसाचा एसजीओटी वाढलेला येऊ शकतो. रक्त घेताना सुई नीट बसली नाही, लाल पेशी फुटल्या, सीरमला गुलाबी झाक आली, तरी आकडा खोटा चढतो. असं सीरम दिसलं की मी माणसाला परत बोलावते. लोक चिडतात. चिडू देत.

आणि 'नॉर्मल' म्हणजे तरी काय? बहुतेक रिपोर्टांवर एसजीपीटीची वरची मर्यादा 40 च्या आसपास छापलेली असते. 2002 साली इटलीतल्या संशोधकांनी निरोगी रक्तदात्यांचे आकडे तपासून पुरुषांसाठी 30 आणि बायकांसाठी 19 ही मर्यादा सुचवली. 35 एसजीपीटी असलेल्या बाईला आपण "काही नाही, घरी जा" म्हणतो, तेव्हा हे ध्यानात ठेवायला हवं.

सीआरपीबद्दलही विचारतात. सीआरपी बनवतं लिव्हरच, पण तो शरीरात कुठंही दाह असला तरी वाढतो. दाढ सुजली, लघवीत जंतू झाले, गुडघा धरला, कशानंही. फेरिटिनचंही जवळपास तसंच. संशोधक सीके-18 नावाच्या एका प्रथिनाचे तुकडे मोजतात. पेशी मरताना तिचा आतला सांगाडा कापला जातो आणि हे तुकडे रक्तात येतात. कल्पना फार चांगली आहे, पण ही चाचणी दाह असलेल्या कितीतरी जणांना हेरत नाही, आणि कोणत्या आकड्याला आजार म्हणायचं यावर एकमत नाही. खात्रीनं दाह सांगायचा तर आजही सुईनं लिव्हरचा बारीक तुकडा काढावा लागतो, आणि तो तुकडा म्हणजे सबंध लिव्हरचा सुमारे पन्नास हजारावा भाग.

मग आमच्यासारख्या गावात करायचं काय? जाळ दिसत नसला तरी भिंतीवर धरलेली काजळी दिसते. दाहानं मागं सोडलेले वण ओळखण्याचा एक हिशेब आहे, फिब-4. 2006 साली तो एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी मांडला गेला, पुढं फॅटी लिव्हरमध्येही उपयोगी पडला. त्याला चारच गोष्टी लागतात : वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीनं गुणायचं. मग प्लेटलेटचा हजारातला आकडा घेऊन त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळानं गुणायचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं.

मागच्या पावसाळ्यात एक मामा आले होते. वय 52, एसजीओटी 38, एसजीपीटी 36, प्लेटलेट 1 लाख 60 हजार. एकही आकडा ठळक छापलेला नाही, सगळे मर्यादेत. मी त्यांच्यासमोरच कॅल्क्युलेटर घेतला. 52 गुणिले 38 म्हणजे 1976. छत्तीसचं वर्गमूळ 6, 160 गुणिले 6 म्हणजे 960. भागाकार 2.06. हा आकडा 1.3 च्या खाली असला तर वण फार वाढलेले असण्याची शक्यता कमी. 2.67 च्या वर गेला तर शक्यता बरीच. मधल्यांनी पुढची तपासणी करायची. पासष्टीच्या पुढं खालची मर्यादा 2 धरतात, आणि पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही. मामा मधल्या पट्ट्यात होते. मी निदान केलं नाही, ते माझं काम नाही. रिपोर्टामागं आकडा लिहून त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडं परत पाठवलं. डॉक्टरांनी लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन सांगितला. मुलगा हैदराबादला असल्यानं मामा तिकडं गेले. लिव्हर थोडं कडक झालेलं होतं, सिरॉसिस नव्हता. वेळेवर कळलं.

प्लेटलेटचा लिव्हरशी काय संबंध, हे मामांनी विचारलं होतं. वणांमुळं लिव्हरमधून रक्त पुढं सरकेना की मागं दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट बनवण्याचा निरोप देणारं संप्रेरक मुख्यतः लिव्हरच तयार करतं. पण एक खबरदारी : जांभळ्या झाकणाच्या नळीत कधीकधी प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन त्या कमी मोजतं. कमी आकडा आला की मी काचपट्टीवर थेंब ओढून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघते. त्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही.

प्लेटलेटकडं असं नीट बघण्याची सवय मला अण्णांमुळं लागली. अण्णा म्हणजे माझे वडील. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब नाही. अंगानं बारीक, पोट तेवढं थोडं पुढं, साखरेची गोळी चालू. एका पहाटे त्यांना रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "रोज किती घेता?" अण्णांनी माळ हातात धरली आणि काहीच बोलले नाहीत. सिरॉसिस निघाला. वर्षभरात ते गेले. नंतर पेटीत कापड दुकानाची एक पिशवी सापडली, त्यात त्यांचे सहा वर्षांचे रिपोर्ट. एसजीपीटी दर वेळी चाळिशीच्या आत. प्लेटलेट मात्र 2 लाख 10 हजार, मग 1 लाख 75, मग 1 लाख 40, मग 1 लाख 18. ताप येऊन गेला असेल, असं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. त्यातले दोन रिपोर्ट माझ्याच हातचे आहेत.

बारीक माणसाला हे होत नाही, हा समज आपल्याकडं घट्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. तिथं फॅटी लिव्हर निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं ना वजन जास्त होतं, ना पोट सुटलेलं. मला तो वाचताना अण्णाच दिसत होते.

केंद्र सरकारनं फेब्रुवारी 2021 मध्ये हा आजार मधुमेह, कर्करोग, हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. आशाताई टेप घेऊन कंबर मोजायला आल्या तर लाजू नका. पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या वर गेली, त्यात साखर असली, तर लिव्हरचा विचार व्हायला हवा. उपायही आपल्या हातातला आहे. वजन जास्त असणाऱ्यांनी सात ते दहा टक्के उतरवलं, तर आतला दाह बऱ्याच जणांत निवतो. सत्तर किलोच्या माणसाला पाच ते सात किलो. ज्वारीची भाकरी आपल्या ताटात आहेच, दिवसातून पाच वेळा होणारा गोड चहा आधी कमी करा.

आणि माझ्याकडं या किंवा दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये जा, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून सोबत न्या. डॉक्टरांना विचारा, "फिब-4 किती येतो?" हिशेबाला पैसे पडत नाहीत, दोन मिनिटं लागतात.