विद्युत् लघुवाहनांचे नियमन

विद्युत् लघुवाहनांचे नियमन : विद्युत् घटमालेतील म्हणजेच बॅटरीतील ऊर्जेवर चालणाऱ्या सायकली, स्कूटर, तीनचाकी रिक्षा इ. लहान वाहनांची निर्मिती, नोंदणी व वापर यांवरील शासकीय नियंत्रण. भारतात ते मुख्यतः मोटार वाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार होते. वाहन कायद्याच्या दृष्टीने ‘मोटार वाहन’ ठरते की नाही, यावर मालकाची कर्तव्ये अवलंबून असतात.

वर्गीकरण : ज्या दुचाकीच्या चलित्राची तीस मिनिटे सलग मिळणारी शक्ती ०·२५ किवॉ.हून कमी, कमाल वेग ताशी २५ किमी.हून कमी व घटमाला वगळता वजन ६० किग्रॅ.हून अधिक नाही, ती मोटार वाहन गणली जात नाही. मात्र त्यासाठी अधिकृत चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते; पुण्याची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही अशी एक संस्था होय. अशा दुचाकीस नोंदणी, चालनपरवाना व सक्तीचा विमा यांची आवश्यकता नसते. इतर विद्युत् दुचाकींना पेट्रोलवरील स्कूटरप्रमाणेच ही सर्व बंधने लागू होतात.

रायगड जिल्ह्यात पेण येथे परिवहन कार्यालय असून त्याच्या नोंदणीक्रमांकांचा आरंभ ‘एमएच ०६’ या अक्षरांकांनी होतो. पेण, रोहे आदी भागांतील नोंदणीपात्र विद्युत् दुचाकींनाही हाच संकेत मिळतो. २०१८ पासून विद्युत् वाहनांची क्रमांकपट्टी हिरवी असून खाजगी वाहनांवरील अक्षरे पांढरी, तर व्यावसायिक वाहनांवरील पिवळी असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र शासनाने या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क माफ केले.

फेरफार व सुरक्षितता : सवलतीची दुचाकी विकत घेऊन तिची शक्ती व वेग वाढविणे हा या व्यवस्थेतील मोठा दोष ठरला. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा दुचाकींविरुद्ध तपासणी मोहीम हाती घेतली. असा फेरफार केलेले वाहन मोटार वाहन ठरते. परंतु त्याची नोंदणी नसते आणि विमाही नसतो. त्यामुळे अपघातात जखमी झालेल्या पादचाऱ्यास भरपाईसाठी विमा कंपनीचा आधार राहत नाही व भार मालकावरच पडतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रु. दंड होऊ शकतो. २०२२ मधील आगीच्या घटनांनंतर घटमालांच्या चाचण्याही दोन टप्प्यांत अधिक कडक झाल्या.

तीनचाकी वाहने : २०१५ च्या दुरुस्तीने ४,००० वॉटपर्यंतच्या ई-रिक्षांना कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले. रायगड जिल्ह्यातीलच माथेरान येथे २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र असून तेथे मोटार वाहनांस बंदी आहे व माणसे हातरिक्षा ओढीत आली. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. दुचाकीच्या बाबतीत कायदा यंत्राच्या शक्तीस मर्यादा घालतो. येथे मात्र माणसाच्या श्रमाची जागा घेण्यासाठी त्याच यंत्रास वाट करून देण्यात आली.