बॅटरी बदलण्याआधी व्होल्ट मोजा

पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगड रस्त्याची कोंडी पार करून खडकवासल्याच्या चौपाटीवर पोचेपर्यंत जुन्या गाडीच्या बॅटरीचा कस लागतो. हेडलाइट, वायपर, काचेवरचे धुके घालवायला ब्लोअर, सगळे चालू आणि गाडी जागच्या जागी. नुसते दोन हेडलाइटच नऊ-दहा अँपिअर घेतात. इंजिन मंद फिरत असताना जुना अल्टरनेटर पुरेशी वीज देत नाही, मग कमी पडेल ती बॅटरीतून जाते. धरणाकाठी भजी खाऊन परत आल्यावर किल्ली फिरवावी, तर नुसते ‘टक्’. ‘बॅटरी गेली’ असे लगेच ठरते. दुसऱ्या दिवशी नवी बसते आणि कधी कधी काही दिवसांत तीही उतरते, कारण पहिली का उतरली हे कुणी पाहिलेलेच नसते. ते पाहायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी 1859 मध्ये शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी बनवली. मोटारीत आजही बहुधा तीच असते: सहा कप्पे, प्रत्येकात सुमारे 2.1 व्होल्ट. वीज खर्च होते तसे दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंग केले की ही क्रिया उलटते. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात आणि मग ते विरघळत नाहीत. उन्हाळ्याच्या उष्णतेने बॅटरी लवकर झिजते. ती झीज बऱ्याचदा उघडी पडते ती पावसाळ्यात.

म्हणून तीन वेळा मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली जवळपास रिकामी. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर तिचा दम संपत आला आहे. इंजिन सुरू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. आकडा वर चढलाच नाही, तर पट्टा, अल्टरनेटर किंवा रेग्युलेटर तपासा. 15 च्या वर गेला, तर जादा चार्जिंगने बॅटरीतले पाणी आटते आहे.

तिन्ही आकडे ठीक असूनही सेल्फ फिरत नसेल, तर बहुतेक वेळा अर्थिंगचे दुखणे निघते. धरण काठोकाठ भरलेले असले, तरी कालव्यात गाळ साचला की टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही. इथेही तसेच होते. गंजलेल्या सांध्याचा रोध 0.02 ओहम धरा. हेडलाइटचे 10 अँपिअर त्यातून जाताना 0.2 व्होल्ट वाया जातात, आणि दिवा तरीही लख्ख दिसतो. सेल्फला मात्र शंभर अँपिअर लागतात. तेवढे ओढायला गेले, की त्याच सांध्यात दोन व्होल्ट गळतात. ‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ घेत नाही’ या तक्रारीमागे कितीदा तरी एवढेच असते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर बॅटरीची मायनस आणि इंजिन यांना जोडणारी अर्थ पट्टी काढा, घासा आणि घट्ट आवळा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुता येते. काढताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस.

नुसती उभी राहून उतरणाऱ्या गाडीत वीज गळते आहे. सगळे बंद करा, मायनस केबल सोडवा आणि मीटर अँपिअरवर ठेवून खुंटी आणि केबल यांच्यामध्ये जोडा. या जोडणीत सेल्फ मारू नका, मीटर जळेल. जुन्या गाडीत 50 मिलिअँपिअरच्या आत आकडा असावा. डिकीतला पाच वॉटचा दिवा चालू राहिला, तर तो 400 मिलिअँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला जवळपास दहा अँपिअर-तास. 35 अँपिअर-तासांची छोटी बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी होते. आकडा जास्त असेल, तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला तो खाली येईल, त्याच वायरिंगमध्ये गळती आहे. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही, तर अल्टरनेटरमधला डायोड तपासून घ्या.

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. म्हणून जवळ विडी-सिगारेट नको. त्याच कारणाने दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावताना शेवटचे काळे टोक बंद गाडीच्या इंजिनला, बॅटरीपासून लांब जोडावे.

एवढे तपासूनही बॅटरी खरोखर संपली असेल, तर ती बदलावीच; मात्र जुनी विक्रेत्याकडेच परत द्यावी. तिच्यात शिसे आणि आम्ल आहे, आणि खडकवासल्याचे पाणी पुणे पिते. गंजलेली अर्थ पट्टी घासून जी बॅटरी आणखी दोन वर्षे चालली असती, ती भंगारात घालण्यात ना पैशाचे भले आहे, ना पाण्याचे.