पसरलेल्या स्तनकर्करोगावर उपचार कसे ठरतात?

स्तनाचा कर्करोग हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदूत पसरला की तो चौथ्या टप्प्यात गेला असे मानतात. या टप्प्यात तो बहुधा समूळ बरा होत नाही. पण आटोक्यात ठेवता येतो, आणि अनेक स्त्रिया काही वर्षे चांगल्या जगतात.

उपचारांची दिशा गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवरून ठरते. पेशींवर हार्मोन रिसेप्टर आढळले, तर लेट्रोझोलसारख्या गोळ्या आणि जोडीला रायबोसिक्लिब किंवा पाल्बोसिक्लिब देतात. हर-२ हे प्रथिन जास्त असल्यास केमोथेरपीसोबत ट्रास्टुझुमॅब देतात. यांपैकी काहीच नसेल, तर मुख्य भिस्त केमोथेरपीवर. काहींना इम्युनोथेरपीचाही उपयोग होतो.

मग स्तनच काढून टाकला तर? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांना चाचणीत सामील करून हे तपासले. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही. म्हणून गाठ फुटून जखम चिघळणे किंवा रक्तस्राव होणे अशा त्रासातच ती प्रामुख्याने केली जाते.

हाडांच्या दुखण्यावर रेडिएशन आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड उपयोगी पडते. तीव्र वेदनांवर मॉर्फिनच्या साध्या गोळ्या साधारण दर चार तासांनी, वेदना उसळण्याची वाट न पाहता, द्यायच्या असतात.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावतात आणि तपासणीसाठी पाठवतात. रोग पसरण्याआधी सापडावा, यासाठी हेच काम सर्वांत मोलाचे आहे.