विश्लेषण : क्रूझवरच्या ‘फॉर्मल नाइट’साठी सूट शिवावाच लागतो का? पैठणी, बंदगळा चालतो का?

शनिवार पेठेत जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये परदेश सहलीचं आता फारसं नवल राहिलेलं नाही. मुलगी अमेरिकेत, मुलगा इंग्लंडमध्ये आणि निवृत्त आईवडिलांसाठी त्यांनी बुक केलेली सात-आठ रात्रींची क्रूझ, हे चित्र ओळखीचं झालं आहे. पैसे भरले जातात, व्हिसा येतो. मग प्रवासाला पंधरा दिवस उरले असताना ई-मेलमधल्या पीडीएफमध्ये एक ओळ सापडते : ‘फॉर्मल इव्हिनिंग दोन. पोशाख : ब्लॅक टाय.’

इथे घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, मुलाच्या लग्नातला सूट काढा आणि कंबर सैल करून घ्या. दुसऱ्याचं म्हणणं, दोन संध्याकाळींसाठी सूट, बूट आणि बो टाय घेण्यापेक्षा तेवढ्या पैशात लक्ष्मी रस्त्यावर चांगली साडी येते. बहुतेक वेळा दुसरा तट बरोबर असतो. पण सरसकट नाही, आणि नियम न वाचता तर नाहीच.

फॉर्मल नाइट म्हणजे काय?

मोठ्या क्रूझ जहाजांवर दिवसभर कोणी काय घालावं याला फारसं बंधन नसतं. संध्याकाळी मात्र मुख्य डायनिंग हॉलसाठी पोशाखाची पातळी ठरलेली असते. रोजच्या संध्याकाळी नीटनेटके कपडे पुरतात. त्यातल्या एक-दोन संध्याकाळी खास असतात आणि त्यांनाच कंपन्या फॉर्मल नाइट, गाला इव्हिनिंग किंवा ब्लॅक टाय नाइट म्हणतात. तीन ते पाच रात्रींच्या सफरीत साधारण एक, सात रात्रींच्या सफरीत एक किंवा दोन आणि पंधरवड्याच्या सफरीत दोन-तीन किंवा त्याहून थोड्या जास्त, असा हिशोब असतो.

ही संध्याकाळ बहुधा जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवशी ठेवतात. बंदरावर उतरून, दिवसभर पायपीट करून आलेल्या माणसाला सहा वाजता नटायला सांगितलं तर तो ऐकणार नाही, हे साधं कारण. पहिली संध्याकाळही शक्यतो टाळली जाते, कारण त्या दिवशी बॅगा केबिनपर्यंत पोचायला वेळ लागतो. नेमकी कोणती संध्याकाळ हे जहाजाच्या अ‍ॅपवर किंवा केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत कळतं.

त्या संध्याकाळी कॅप्टन प्रवाशांना भेटतो, जेवणाचा बेत वरचा असतो आणि जिन्याजवळ, लॉबीत पडदे लावून फोटोग्राफर उभे असतात. फोटो काढून घेणं फुकट, प्रिंट मात्र विकत. ही प्रथा टिकून राहण्यात परंपरेइतकाच या फोटोंच्या धंद्याचाही हात आहे, असं म्हणायला हरकत नाही.

ही पद्धत आली कुठून?

आज ज्याला आपण टक्सीडो म्हणतो तो आखूड डिनर जॅकेट 1865 मध्ये लंडनच्या सॅव्हिल रो भागातल्या हेन्री पूल या शिंप्याच्या पेढीने प्रिन्स ऑफ वेल्ससाठी शिवला, असं मानलं जातं. हाच राजपुत्र पुढे सातवा एडवर्ड झाला. 1886 मध्ये हा कोट न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या श्रीमंतांच्या वसाहतीत पोचला आणि त्याला तिथलंच नाव चिकटलं. त्याच काळात आगबोटींचा प्रवास वाढत होता. पहिल्या वर्गाचे प्रवासी रोज रात्री कपडे बदलून जेवायला येत. सूट पहिल्या आणि शेवटच्या रात्रीपुरती, कारण तेव्हा सामान पेट्यांत असे. खालच्या वर्गाला हा नियम नव्हता. म्हणजे पोशाख हीच वर्गावर्गांतली भिंत होती. आजच्या क्रूझवर ती भिंत बरीचशी गेली, पोशाख मागे राहिला.

गंमत म्हणजे या साहेबी पोशाखातला एक भाग इथूनच गेलेला आहे. डिनर जॅकेटखाली कमरेला बांधतात तो कमरबंद. हिंदुस्थानातल्या उकाड्यात वेस्टकोट नकोसा झालेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो उचलला आणि इंग्रजीत शब्दही तसाच गेला.

आपल्याकडच्या माणसाची या पोशाखाशी पहिली गाठ कशी पडत असे, याचं सगळ्यांत प्रामाणिक वर्णन गांधीजींच्या आत्मकथेत आहे. 4 सप्टेंबर 1888 ला ते मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघाले. वय 18. बोटीवर काळा सूट घालत. काटे-चमचे कसे धरायचे ते माहीत नाही, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर न जाता केबिनमध्येच बरोबरचा खाऊ खात राहिले. पांढरा फ्लॅनेलचा सूट मात्र उतरताना घालायचा म्हणून जपून ठेवला होता. सप्टेंबरअखेर साउथहॅम्प्टनला उतरले तेव्हा पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच होते. सामान आणि किल्ल्या एजंटाच्या ताब्यात गेलेल्या आणि दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे लगेच कपडे बदलणंही शक्य नव्हतं.

मग पैठणी आणि बंदगळा चालतो का?

पोशाखाच्या बाबतीत सगळ्यांत कडक समजल्या जाणाऱ्या कंपन्यांपैकी एक म्हणजे ब्रिटनची क्युनार्ड. ‘क्वीन मेरी 2’ हे तिचंच जहाज. तिच्या गाला इव्हिनिंगच्या नियमांत डिनर जॅकेट, गडद सूट, इव्हिनिंग गाऊन यांच्याबरोबरच ‘औपचारिक राष्ट्रीय पोशाख’ही चालतो. स्कॉटिश माणूस किल्ट घालून येतो, तसा मराठी माणूस बंदगळा किंवा शेरवानी घालून जाऊ शकतो. साडीबद्दल तर शंका घ्यायचं कारणच नाही. पैठणी, नारायणपेठी, कांजीवरम, जे कपाटात आहे ते.

अडचण ‘औपचारिक’ या शब्दाशी येते. राष्ट्रीय पोशाख चालतो म्हणजे सुती झब्बा-लेंगा चालतो, असा अर्थ काढून चालणार नाही. जे कपडे आपण लग्नाच्या रिसेप्शनला यजमान म्हणून घालू, ते गाला इव्हिनिंगला चालतील. जे सकाळी ओंकारेश्वराच्या दर्शनाला जाताना घालू, ते नाही. रेशमी कुर्ता, वर जाकीट किंवा बंदगळा, खाली चुडीदार किंवा गडद पँट, पायात बंद मोजडी किंवा बूट, एवढं पुरतं. कोल्हापुरी चपलेचा थाट आपल्याला कळतो. डायनिंग हॉलच्या दारात उभ्या असलेल्या परदेशी कर्मचाऱ्याला ती फक्त चप्पल दिसू शकते.

धोतर, कोट आणि पुणेरी पगडी? नियमाने अडवण्याचं कारण नाही. या पगडीला तर 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. फक्त फोटोग्राफर सोडणार नाहीत, एवढी तयारी ठेवावी.

सगळ्याच कंपन्या राष्ट्रीय पोशाखाचा लेखी उल्लेख करतात असं नाही. तिथे ट्रॅव्हल एजंटच्या ‘चालतं हो, काही होत नाही’ यावर न थांबता कंपनीला ई-मेल पाठवून उत्तर घ्यावं आणि ते मोबाइलमध्ये ठेवावं. दारात वाद झालाच तर शब्दापेक्षा ई-मेल उपयोगी पडतो.

आपल्याच देशातल्या काही क्लबांना ही समज यायला कायदा करावा लागला, हेही इथे आठवतं. 2014 मध्ये चेन्नईतल्या एका क्लबने वेष्टी नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना प्रवेश नाकारला. त्यावर गदारोळ झाला आणि त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेने अशी बंदी बेकायदा ठरवणारा कायदा केला. त्याच्या किती तरी आधी, 1885 मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात साडी नेसून छायाचित्राला बसल्या होत्या. शेजारी जपानची आणि सीरियाची विद्यार्थिनी, दोघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. औपचारिक म्हणजे इंग्रजी, हे समीकरण तेव्हाही सगळ्यांना मान्य नव्हतं.

कोणत्या जहाजावर किती कडक?

क्युनार्डच्या जहाजांवर संध्याकाळी सहानंतर जहाजाच्या बहुतेक भागांत पोशाखाचा नियम लागू होतो. सेलिब्रिटी क्रूझेसने 2015 च्या अखेरीस फॉर्मल नाइट बंद करून ‘इव्हिनिंग शिक’ नावाची सैल पद्धत आणली. नॉर्वेजियन क्रूझ लाइन आणि व्हायकिंग यांच्याकडे सूट-टायची सक्ती नाही. रॉयल कॅरिबियन आणि प्रिन्सेस यांच्याकडे फॉर्मल नाइट आहेत, पण वातावरण क्युनार्डपेक्षा मोकळं.

मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’वर जाणाऱ्यांनी सूटची चिंता करू नये. छोट्या सफरी, बहुतेक प्रवासी भारतीय, घरच्या लग्नाच्या संगीताला घालतो तसे कपडे पुरतात. हे जहाज मुळात 1990 मध्ये रॉयल कॅरिबियनसाठी ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधलं गेलं होतं आणि 2021 पासून ते मुंबईहून फिरतं आहे.

नटायचंच नसेल तर?

तर उपाशी राहावं लागत नाही. फॉर्मल नाइटलाही बुफे सुरू असतो. क्युनार्डवरही बुफे, पब अशा ठराविक जागी साध्या कपड्यांत बसता येतं. मात्र मुख्य हॉलमधलं त्या रात्रीचं जेवण आणि पार्टी हुकते, आणि त्याचे पैसे तिकिटात आधीच भरलेले असतात. शाकाहारी किंवा जैन जेवण लागणाऱ्यांनी तर हॉल सोडूच नये. आधी कळवून ठेवलं तर तिथला वेटर दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आदल्या रात्रीच दाखवून हवं ते करून देऊ शकतो. बुफेत ही सोय मिळेलच असं नाही.

बॅग भरताना

बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री आणि स्टीमर वापरायला बंदी असते. बॅगेत सापडली तर इस्त्री काढून ठेवतात आणि सफर संपल्यावर परत देतात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी इस्त्रीची वेगळी खोली असते, बाकी ठिकाणी पैसे देऊन इस्त्री करून घ्यावी लागते. त्यामुळे चुरगळणारं सिल्क नेण्यापेक्षा घडी टिकवणारी साडी बरी. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीला साधारण 15 किलोच सामान नेता येतं. दोन फॉर्मल नाइटसाठी दोन भरजरी साड्या न नेता एक साडी आणि दोन ब्लाउज नेले तरी चालतं.

उंच टाचा टाळाव्यात, जहाज थोडं जरी हललं तरी जिन्यात पंचाईत होते. काष्ट्याची नऊवारी इथे सहावारीपेक्षा सोयीची ठरते, आणि डेकवरच्या वाऱ्यात पदराला एक जादा पिन लागतेच. डायनिंग हॉलमध्ये एसी कडक असतो, शेला किंवा उपरणं जवळ असावं. सोनं केबिनच्या तिजोरीत. फॉर्मलचा एक पूर्ण जोड विमानातल्या हातातल्या बॅगेत ठेवावा, कारण विमान कंपनीकडून मोठी बॅग मागे राहिली तर ती पुढच्या बंदरावरच मिळते, आणि ते बंदर दोन दिवसांवर असू शकतं.