सहल पाहावी करून
(द्वितीय वर्ष, कला)

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यात सहलीचे नाव नाही. आमच्या घरी तर हा शब्दच नव्हता. प्रवास म्हणजे गावची जत्रा, कुणाचे लग्न, नाहीतर कुणाचे दहावे. कल्याण पूर्वेच्या चाळीत माझी एकोणीस वर्षे गेली. पण नुसते पाहायला म्हणून घरातले कोणी कुठे गेले नव्हते. "हिंडणं हे पैसेवाल्यांचं काम," हे आईचे ठरलेले उत्तर. ते खोटे पाडायचे म्हणून मी वही-पेन्सिल घेऊन बसले. तोच हिशेब विद्यार्थी मित्रांपुढे मांडते.

पहिला प्रश्न, जायचे कुठे? महाबळेश्वर-माथेरानला गर्दी फार आणि खर्चही फार. मी जव्हार निवडले. कल्याणपासून भिवंडी-वाडामार्गे सुमारे शंभर किलोमीटर. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे हे जुने संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले व ठाणे जिल्ह्यात आले. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. उंचावर असल्याने त्याला 'ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर' म्हणत. तरी आमच्या वर्गातील निम्म्यांनी ते पाहिलेले नाही.

दुसरा प्रश्न, केव्हा? सुट्टी मे महिन्यात मोठी असते. पण मे महिन्यात जव्हारला जाऊ नये. तिथे पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन विहिरीवर ताटकळतात. अशा वेळी आपण पाहुणे म्हणून आंघोळीला दोन बादल्या मागाव्यात, हे बरे नव्हे. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात जावे. रान हिरवे असते, नागली-वरई शेतात उभी असते आणि लेंडी नदीवरचा सुमारे तीनशे फुटांचा दाभोसा धबधबा भरात असतो.

तिसरा प्रश्न, जायचे कसे? आपली एस.टी. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. आई, मी आणि धाकटी बहीण अर्ध्यात, बाबा पूर्ण. चौघांच्या प्रवासाला अडीच तिकिटांचे पैसे! हे ऐकून आई पहिल्यांदा हसली. मात्र गाड्यांच्या वेळा आगारात जाऊन विचाराव्यात आणि परतीची शेवटची गाडी वहीच्या पहिल्या ओळीत लिहावी. ती चुकली तर सगळी बचत एका जीपभाड्यात जाते.

मुक्काम एकच रात्र करावा. गावात साधी लॉज आहेत. आधी फोन करून भाडे ठरवावे. पहिल्या दिवशीच्या पोळ्या-चटणी घरून न्याव्यात, दुसऱ्या दिवशी मात्र तिथल्याच खानावळीत जेवावे. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट व सनसेट पॉइंट पायी होतात. राजवाड्यात प्रवेश सुरू आहे का, ते आधी विचारावे. सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराज जिथे थांबले असे सांगतात, ते शिरपामाळही पाहावे. दाभोशाला वाहन लागते. तिथे दुसऱ्या कुटुंबाबरोबर भाडे वाटून घ्यावे.

इथवर हिशेब जमला होता. तेवढ्यात जव्हार तालुक्यातलाच आमचा एक वर्गमित्र म्हणाला, "तुम्ही आमच्याकडे बघायला येता, आम्ही तुमच्याकडे भट्टीवर येतो." दिवाळीनंतर तिकडची कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर येतात, हे मला ठाऊक होते, पण त्या माणसांचे गाव आणि माझ्या वहीतले गाव एकच, हे ध्यानात आले नव्हते. याच तालुक्यातील वावर-वांगणी १९९२-९३ साली बालमृत्यूंमुळे देशाला माहीत झाली.

मग वहीत एक रकाना वाढवला: 'तिथे राहणारा पैसा'. वारली चित्र घ्यायचे तर काढणाऱ्याच्या हातून घ्यावे व घासाघीस करू नये. लग्नाचा चौक घरातल्या भिंतीवर लिहिणाऱ्या सवाष्णींची ही कला. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चिप्सच्या पुड्यांऐवजी तिथल्या बाजारातून नागली घ्यावी. स्वस्त सहल म्हणजे आपले पैसे वाचवणे खरे. पण ते गरिबाच्या ताटातून वाचवू नयेत.

आम्ही गेलो, राहिलो, परतलो. दाभोशापुढे आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं पाणी, आणि पुढं जातं कुठं?" भूगोलाच्या तासाला मला हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

मित्रहो, सहलीला पैसे लागतात, पण त्याहून आधी एक वही लागते. आमच्या डब्यातले थोडे पैसे उरलेसुद्धा. बाकी उरले ते एवढेच, की भिवंडीच्या रस्त्याने जाताना भट्टीचा धूर दिसला की आई खिडकीतून वाकून बघते आणि विचारते, "ही जव्हारची माणसं का गं?"